विझलेल्या क्वासारचा हिरवा पुरावा

ऑगस्ट २००७. नेदरलँड्समधल्या एका शाळेत शिकवणारी हॅनी फान आर्केल संगणकावर दीर्घिकांची छायाचित्रे पाहत होती. महिन्यापूर्वीच सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ प्रकल्पाने स्लोन आकाश सर्वेक्षणातल्या सुमारे ९ लाख दीर्घिका सर्वसामान्यांसमोर ठेवल्या होत्या. ही दीर्घिका सर्पिल की लंबवर्तुळाकार, एवढेच सांगायचे. ‘आयसी २४९७’ सर्पिल आहे, असे नोंदवून हॅनीला पुढे जाता आले असते. पण त्या दीर्घिकेखाली एक निळा डाग होता. हे काय आहे, असा रकाना प्रश्नावलीत नव्हता. तिने तो प्रश्न थेट शास्त्रज्ञांनाच विचारला.

त्यांनाही तो ओळखता आला नाही. अलाबामा विद्यापीठाचे विल्यम कील यांनी मग या डागाचा पाठपुरावा सुरू केला. मुळात तो निळा नव्हताच. स्लोनच्या चित्रांत हिरव्या गाळणीतून आलेला प्रकाश निळा रंगवतात. वर्णपटात दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ठळक हिरवी रेषा निघाली, शिवाय आयनीभूत हेलियमच्या खुणाही. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन उडवायला लागणारा इतका प्रखर प्रारण-मारा साधे तरुण तारे करू शकत नाहीत. आपल्या आकाशगंगेएवढा हा वायुमेघ क्वासारनेच, म्हणजे भरपूर वायू गिळत असलेल्या महाकाय कृष्णविवराच्या परिसरानेच, उजळवलेला असणार.

मात्र आयसी २४९७च्या गाभ्यात तसा क्वासार सापडेना. धुळीआड दडला असेल, तर क्ष-किरणांत तरी दिसायला हवा होता. तिथेही गाभा मंदच निघाला. उत्तर प्रकाशाच्या प्रवासात होते. गाभ्यातून मेघाकडे जाऊन मग आपल्याकडे वळलेला प्रकाश थेट येणाऱ्या प्रकाशापेक्षा हजारो वर्षे उशिरा पोचतो. म्हणजे क्वासार मंदावला, तरी मेघावर अजून त्याच्या भराच्या काळातला उजेड दिसतो आहे. हे मंदावणे २ लाखांहून कमी वर्षांत घडले. दीर्घिकेच्या अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात हा काळ अगदीच किरकोळ, आणि मला या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

एकाच उदाहरणावर कील थांबले नाहीत. सुमारे २०० स्वयंसेवकांनी १६ हजारांहून अधिक दीर्घिकांची छायाचित्रे डोळ्यांखालून घातली. त्यातून असे १९ मेघ पक्के झाले, आणि त्यांपैकी निदान सात ठिकाणी गाभ्याची आजची ताकद मेघ उजळवायला अपुरी पडते.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणेही अशीच नागरिकांच्या नजरेखाली येतात. खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड अ‍ॅट होम’ या उपक्रमात विद्यार्थ्यांना रेडिओ प्रतिमा वाचायला शिकवतात. त्यातूनच २०२२ मध्ये ‘रॅड १२’ ही दीर्घिका प्रसिद्धीस आली. तिच्या कृष्णविवराने सोडलेला झोत थेट शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो आहे.