दारापुढचा रस्ता कुणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमचा शेजारी रस्त्यावर दगड मांडून ठेवतो, कुणाला गाडी लावू देत नाही. यावर तुमच्या तत्त्वज्ञानात काही इलाज आहे का?" आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. पण घरी जाताना लक्षात आलं, की 'माझं' म्हणजे काय हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे आणि तो त्या दगडावर बसून आपली वाट पाहतो आहे. आजचा विषय तोच.

आधी आमचाच अनुभव सांगतो. २०१९ चा उन्हाळा आठवा. आपल्या जिल्ह्यात पाण्याचे किती हाल होते ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या गल्लीत टँकर यायचा. शेजाऱ्यांनी जीप लावायला दारापुढची जागा धरून ठेवलेली; जीप नसली की तिथे दोन दगड आणि मधे बांबू. एक दिवस टँकर गल्लीच्या तोंडाशीच अडला. बायाबापड्यांनी तिथून हंडे वाहिले. त्यात एका आजींचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. आम्ही तावातावाने शेजाऱ्यांकडे निघालो. तेवढ्यात टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "सर, आधी तुमच्या कुंड्या काढा, मग त्यांना बोला." खरंच होतं. आमच्या ओट्याखाली रस्त्यावर आम्ही सात कुंड्या मांडल्या होत्या. जीपने अर्धा रस्ता खाल्ला होता, उरलेला आमच्या कुंड्यांनी. आम्हाला त्या कधी अतिक्रमण वाटल्याच नव्हत्या. झाडं होती ना!

म्हणून आज शेजाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत. त्याचं म्हणणं नीट ऐकायचं. तो सहसा तीन कारणं देतो.

पहिलं कारण: "मी इथे कष्ट केलेत. मुरूम टाकला, खड्डा बुजवला, रोज झाडतो." हे म्हणणं हलकं नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जवळपास हेच मांडलं: निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. पण लॉकने अट घातली होती, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. बारा फुटांच्या गल्लीत सहा फूट तुम्ही घेतलेत तर मागे काय उरतं? शिवाय लॉक बोलतो ते कुणाच्याच नसलेल्या वस्तूंबद्दल.

हाच भेद आपल्याकडे फार आधी केला गेला. गौतम धर्मसूत्रात मालकीची कारणं मोजली आहेत: वारसा, खरेदी, वाटणी, परिग्रह आणि सापडणं. यातला 'परिग्रह' आपल्या कामाचा. याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी शेजारचं. तो समजावतो, की परिग्रह म्हणजे आधी कुणाचंच नसलेलं घेणं. रानातलं पाणी, गवत, लाकूड. आता रस्ता कुणाचाच नाही का? इथेच आपली गफलत होते. 'सगळ्यांचं' हे आपण 'कुणाचंच नाही' असं वाचतो. रस्त्याला मालक नाही असं नव्हे. मालक इतके आहेत, की एकट्याला तो उचलता येत नाही.

दुसरं कारण: "वीस वर्षं मी इथेच गाडी लावतो. कुणी हरकत घेतली नाही." यालाही शास्त्राधार निघेल बरं का! याज्ञवल्क्य म्हणतो, मालकाच्या डोळ्यांदेखत, तो काही न बोलता, दुसऱ्याने वीस वर्षं जमीन उपभोगली तर मालकाचं नुकसान होतं. पण त्याच्या पुढच्याच श्लोकात अपवाद आहेत. त्यात गहाण, सीमा, बालकाचं धन आणि राजाचं धन येतं. म्हणजे जे स्वतःची राखण करू शकत नाहीत, किंवा ज्याची राखण कुणा एकाच्या हाती नसते, तिथे गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावायचा नाही. शेजाऱ्याने हरकत घेतली नाही ती भिडेपोटी. भीड म्हणजे खरेदीखत नव्हे.

आजचा कायदाही इथेच येतो. तेव्हा उत्तर प्रदेशात असलेल्या मंगलौर नगरपालिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलं. पालिकेला रस्त्यालगतच्या जागेत गांधीजींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालयाची खोली उभी करायची होती. हेतू किती चांगला! न्यायालयाने सांगितलं, की रस्ता पालिकेकडे असतो तो रस्ता म्हणून सांभाळण्यापुरता. रस्त्याच्या वापराला लागत नाही असं बांधकाम तिथे पालिकेलाही करता येत नाही. गांधीजींच्या पुतळ्याला जी जागा मिळाली नाही, ती आपल्या जीपला आणि आमच्या कुंड्यांना कशी मिळेल?

तिसरं कारण: "माझ्या दारापुढे आहे." यात खरेपणाचा अंश आहे, तो मान्य करू. आपल्या घरातून रस्त्यावर येण्याजाण्याचा हक्क आपल्याला आहे. तुमच्या फाटकासमोर कुणी गाडी लावून तुम्हाला कोंडलं, तर तक्रार रास्त आहे. पण येण्याजाण्याचा हक्क वेगळा आणि गाडी ठेवण्याचा हक्क वेगळा. दाराला लागून आहे म्हणून माझं, असं म्हटलं तर नगर-आष्टी-जामखेड रस्ता दुकानदारांत वाटून द्यावा लागेल.

मग रस्त्यावर गाडी लावायचीच नाही का? तसं नाही. सिसेरोच्या ग्रंथात स्टोइक विचारवंतांची बाजू मांडताना नाट्यगृहाचा दाखला येतो. नाट्यगृह सगळ्यांचं, तरी ज्या जागेवर तुम्ही बसलात ती त्या वेळेपुरती तुमची. आम्हाला हा दाखला फार पटतो. मनाई नसलेल्या ठिकाणी, कुणाला अडथळा न होता गाडी लावली, तर ती उभी असेपर्यंत जागा तुमची. तुम्ही उठलात की जागा सुटली. दगड, बांबू, सिमेंट भरलेला टायर ठेवणं म्हणजे नाटक संपल्यावर खुर्चीला कुलूप लावून घरी जाणं. हे सगळीकडे चालतं. अमेरिकेत बॉस्टनमध्ये हिमवर्षावानंतर लोक बर्फ उपसतात आणि तिथे खुर्ची ठेवून जागा धरतात. त्या शहराने हे चालवून घेतलं, पण मर्यादा घातली: आणीबाणी उठल्यापासून ४८ तास. श्रमाचा मान ठेवला, मालकी दिली नाही.

दुसरा मार्ग जपानचा. तिथे १९६२ च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी गाडी घ्यायच्या आधी ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे दाखवावं लागतं. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एका जनहित याचिकेवर बोलताना असंच सुचवलं, की सोसायटीत जागा नसताना एका कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत. गाडी आपल्या पैशाची आणि तिची जागा गावाची, हा हिशेब कुठेतरी चुकतो.

आता व्यवहाराचं. काय करावं?

आधी स्वतःच्या कुंड्या काढाव्या. मग बोलावं, भांडणाच्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी, त्याच्या घरी बसून. "ही जागा तुमची नाही" असं सुरू करू नये. "टँकर आत यायला काय करू या?" असं विचारावं. टायरची हवा सोडणं, काचेवर ओरखडे काढणं असलं काही करू नये. तिथे आपण बरोबर असूनही गुन्हेगार ठरतो.

हद्दीवरून वाद असेल तर कागद पाहावा. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. जिथे ती पूर्ण झाली आहे, तिथे घराची हद्द कुठे संपते ते मालमत्ता पत्रकावर दिसतं.

बोलूनही जमलं नाही तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्याच्या कलम ५३ प्रमाणे रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. तिने काढला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, असंही हाच कायदा सांगतो. वाहनाने रस्ता धोकादायक रीतीने अडला असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२२ आहे. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली रस्ता अडवण्याला पाच हजारांपर्यंत दंड आहे. कौटिल्याने हेच पणांत सांगितलं होतं: माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवली तर १२ पण, मोठ्या जनावरांची अडवली तर २४.

व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, तुमच्या गल्लीत पुढे काय झालं?" खरं तेच सांगतो. आम्ही कुंड्या गच्चीवर नेल्या. शेजारी आठ दिवस बोलले नाहीत. मग आजींच्या हाताचं प्लॅस्टर पाहायला दोघंही एकाच वेळी गेलो, आणि तिथेच ठरलं, की टँकरच्या दिवशी सकाळी गल्लीत कुणीही गाडी ठेवायची नाही. हा नियम आजही पाळला जातो. इतर दिवशी कधीमधी दगड परत दिसतो. मग जाऊन पुन्हा सांगावं लागतं. सार्वजनिक गोष्ट एकदा मिळवून संपत नाही, ती पुन्हा पुन्हा सांगून राखावी लागते.