शिक्का गेला, ठसा आला

परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या घरी पासपोर्टावरचे शिक्के दाखवण्याचा एक छोटा कार्यक्रम ठरलेलाच असे. युरोपपुरता तरी तो आता संपत आला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या २९ देशांच्या सीमांवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र आणि चार बोटांचे ठसे घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळीकडे लागू करायचे ठरले होते. युरोपीय संघाबाहेरचा जो कोणी थोड्या मुक्कामासाठी जाईल, त्याची येण्याची आणि जाण्याची तारीख या ओळखीसह संगणकात नोंदली जाते.

हे कशासाठी, असे कुणीही विचारील. पाहुण्याने कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहू नये, हा तिथला नियम. हा हिशेब अधिकारी पासपोर्टाची पाने उलटून करीत. एखादा शिक्का पुसट, एखाद्याची तारीख अर्धवट, कुठे एकावर एक तीन शिक्के. त्यात कोण किती दिवस जास्त राहिला ते सापडणार कसे? शिवाय दुसऱ्याच्या पासपोर्टावर जाणारा चेहऱ्याने एक वेळ फसवील, बोटांनी फसवणे अवघड. कारणे पटण्यासारखी आहेत. अडचण आहे ती जागेची आणि वेळेची.

लंडनचे सेंट पँक्रस स्थानक घ्या. पॅरिसची गाडी इथून सुटते. वाटेत सीमेवर उतरवून तपासणी करायची वेळ येऊ नये म्हणून दोन देशांनी करार केला आहे आणि फ्रान्सचे पोलीस लंडनच्या स्थानकातच पासपोर्ट पाहतात. हे स्थानक १८६८चे. फलाट उंचावर आणि खाली तळघर. बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपे तिथे साठवत. खांबांमधले अंतरसुद्धा या पिंपांच्या मापाने ठरवले होते. आज पॅरिसला निघालेले प्रवासी त्याच तळघरातून पुढे जातात. पिंपे निमूट उभी राहत. माणसांबरोबर पोरेबाळे असतात, बोचकी असतात आणि गाडी गाठायची असते.

आता थोडे गणित करू. एका मोठ्या गाडीत सुमारे ९०० माणसे बसतात. त्यातल्या निम्म्यांची नव्याने नोंद करायची आहे आणि प्रत्येकाला एक मिनिट जादा लागते असे धरा. झाली ४५० मिनिटे, म्हणजे साडेसात तास! दहा खिडक्या उघडल्या तरी प्रत्येक खिडकीवर पाऊण तास वाढला. म्हणून तर आधी यंत्रावर नोंद करून मग अधिकाऱ्यापुढे जाण्याची सोय केली आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट घेतलेले आपले लंडनवासी मराठी लोकही या नोंदीतून सुटत नाहीत. दिलासा एवढाच, की शेवटचे बाहेर पडल्यापासून तीन वर्षे ही नोंद राहते. तेवढ्यात पुन्हा गेलात, तर नुसते ताडून पाहायचे.

पण ताडून पाहणे म्हणजे काय? बोटावरची रेघ जिथे संपते किंवा जिथे तिला फाटा फुटतो, अशा जागा यंत्र टिपते, त्या जुन्या नोंदीशी जुळवते आणि गुण देते. 'हाच तो माणूस' असे ते सांगत नाही. इतके गुण पडले, एवढेच सांगते. पास किती गुणांना करायचे, हे माणसांनी ठरवलेले असते. ती मर्यादा खाली आणली तर तोतया निसटेल, वर नेली तर खरा माणूस अडकेल. (जाता जाता सांगतो, ठशांची वर्गवारी करून ढिगातून नेमका कागद काढण्याची रीत बसवली ती कोलकात्यात, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा पोलिसांनी. नाव झाले ते त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे.)

खरा माणूस अडकतो म्हणजे काय, ते मी पाहिले आहे. बहीण लंडनला असते, तिथून पॅरिसला जायचे ठरले आणि आईच्या व्हिसासाठी ठसे द्यायला गेलो. आईने आयुष्यभर भांडी घासली, आधी राखेने आणि मग साबणाने. यंत्राने तिचे बोट तीनदा नाकारले. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने बोटे पुसली, मग कपाळावर घासायला सांगितली. चौथ्या वेळी दिवा हिरवा झाला.

व्हिसावर जाणाऱ्यांचे ठसे असे आधीच घेतलेले असतात. सीमेवर छायाचित्र काढतात आणि बोटे त्या ठशांशी ताडून पाहतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे द्यावे लागत नाहीत. ज्यांचे ठसे शारीरिक कारणाने घेताच येत नाहीत त्यांनाही सूट आहे. आईला बोटे आहेत, रेघाही आहेत, फक्त झिजलेल्या. अशा वेळी निर्णय येतो खिडकीतल्या माणसावर. त्याने चेहरा पाहायचा, कागद पाहायचे, दोन प्रश्न विचारायचे. यंत्र आले म्हणून तो माणूस कमी करून चालणार नाही, आणि मागच्या रांगेची घाई त्याच्या मानेवर ठेवूनही चालणार नाही.

आई मात्र घाबरलेली नाही. ''माझे हात असेच आहेत, तिथल्या साहेबांना सांग,'' म्हणाली. तिच्या पर्समध्ये मी हाताला लावायच्या मलमाची छोटी ट्यूब ठेवली आहे आणि बहिणीला कळवले आहे, की त्या दिवशी जेवण आटोपून लवकरच स्थानक गाठू.