शिकवण्यातला दिलासा

१९६० च्या सुमारास लंडनमध्ये स्वमग्न मुलांची गणना ‘तीव्र भावनिक बिघाड असलेली मुले’ अशी होत असे. त्यांची जागा शाळेत नसून रुग्णालयात आहे, असेच धरून चालले जाई. माँटेसरी पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या सिबिल एल्गार रुग्णालयातल्या अशा मुलांची अवस्था पाहून अस्वस्थ झाल्या. १९६२ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या तळघरात काही स्वमग्न मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी काही पालकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी ती हीच. मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग या तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि स्वतः एका स्वमग्न मुलीची आई. संस्थेने १९६५ मध्ये ईलिंग भागात एल्गारबाईंसाठी शाळा उभी केली. केवळ स्वमग्न मुलांसाठी असलेली ब्रिटनमधली ही पहिली शाळा. पुढे तिला एल्गारबाईंचेच नाव मिळाले. या शाळेने एक क्रम उलटा केला, आणि तिचे खरे महत्त्व त्यात आहे. मुलाचे मन आधी स्थिर होऊ द्या, मग शिकवा, असे तेव्हाचे जाणकार सांगत होते. एल्गारबाईंनी आधी शिकवले.

हे धाडस केवढे होते ते त्या काळची समजूत पाहिल्यावर ध्यानात येते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे मांडून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतरच्या वीस वर्षांत मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली असे मानले जाऊ लागले की आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटते. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ मध्ये या मतावर अख्खा ग्रंथ लिहिला. एकदा दुखणे आईच्या मायेत शोधले की उपायही तिथेच शोधला जातो: मुलाला मोकळे सोडा, त्याच्या आतल्या भावनेला वाट मिळू द्या, अक्षरे-आकडे लादू नका. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या सिद्धान्ताचे खंडन करून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असे मांडले होते. पण तोवर असंख्य आयांच्या माथी हा दोष बसला होता, आणि मुलांची शिकण्याची वर्षे वाया गेली होती. हे नुकसान भरून येणारे नव्हते.

मग शाळेत नेमके काय चालते? माँटेसरीचे साहित्य आपल्याकडे ताराबाई मोडकांच्या कामामुळे अपरिचित नाही. ठोकळा खाचेत बसतो किंवा बसत नाही. चूक झाली हे साहित्यच सांगते. बोलण्याचा अर्थ लावताना दमणाऱ्या मुलाला हे किती सोयीचे! शिक्षकाने थोडे आणि स्पष्ट बोलावे, कामाची जागा ठरलेली असावी, दिवसाचा क्रम मोडू नये, ही या शिकवण्याची बैठक होती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी अशाच विचाराला पद्धतीचे रूप दिले, आणि १९७२ मध्ये ‘टीच’ या नावाने तो संपूर्ण राज्याचा कार्यक्रम झाला. तिथल्या वर्गात प्रत्येक मुलापुढे चित्रांचे वेळापत्रक असते. काम डावीकडच्या टोपलीतून घ्यायचे आणि झाले की उजवीकडच्या टोपलीत टाकायचे. काय करायचे, किती करायचे, संपले हे कसे ओळखायचे आणि त्यानंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला कोणालाही न विचारता डोळ्यांनी दिसतात. मूल किंचाळते, स्वतःचा हात चावते, टेबल उलथवते, तेव्हा आपण त्याला हट्टी ठरवतो. पुष्कळदा त्यामागे पुढे काय होणार हे न कळल्याची भीती असते, किंवा न सोसणारा गोंगाट. ही भीती समजावणीच्या शब्दांनी जात नाही, कारण शब्द हीच अडचण असते. ती जाते दिवस ओळखीचा झाल्याने. म्हणून माझ्या मते भावनिक काळजी आणि शिकवणे ही दोन कामे वेगळी काढताच येत नाहीत.

याला पुरावा आहे. लॉरेन्स बार्टक आणि मायकेल रटर यांनी १९७३ मध्ये तीन केंद्रांची तुलना प्रसिद्ध केली. एका केंद्रात मानसोपचारावर भर होता आणि शिकवणे नाममात्र. दुसऱ्यात मोकळीक आणि थोडे शिक्षण. तिसऱ्यात आखीव, नियमित अध्यापन. साडेतीन-चार वर्षांनंतर वाचन-गणितात तिसऱ्या केंद्रातली मुले पुढे होती, आणि त्यांचे वागणेही अधिक सुधारले होते. मुले चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, त्यामुळे या अभ्यासाला मर्यादा आहेत, आणि त्या मान्य केल्याच पाहिजेत. त्याहून गंभीर बाब अशी, की शाळेत आलेले कौशल्य घरी आपोआप उतरत नव्हते. पण त्यावरून शिकवणे फोल ठरत नाही. ते घरापर्यंत न्यायला हवे एवढेच ठरते. रटर यांचे पुढचे काम घरांमध्येच झाले, आणि शॉप्लर यांनी पालकांना सहउपचारक केले. ज्या आईला दोषी ठरवले होते, तीच आता शिक्षकाच्या बरोबरीने कामाला लागली.

मोठा आक्षेप वेगळेपणाचा आहे. स्वतंत्र शाळा म्हणजे समाजातून बाजूला काढणे नव्हे काय? १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यानंतर सर्वसमावेशक शिक्षण हे जगभरचे धोरण झाले, आणि त्यामागची न्यायबुद्धी खरी आहे. पण ज्या मेरी वॉर्नॉक यांच्या समितीच्या १९७८ च्या अहवालाने ब्रिटनमध्ये या विचाराला बळ दिले, त्यांनीच २००५ मध्ये समावेशनाचे धोरण फेरतपासायला हवे असे लिहिले. साठ मुलांच्या कलकलाटात कान झाकून बसलेला मुलगा कागदोपत्री समाविष्ट असतो. प्रत्यक्षात तो रोज एकटा पडतो. विशेष शाळेने मात्र एक हिशेब दिलाच पाहिजे: इथून बाहेर जाण्याची वाट कोणती, आणि किती मुले त्या वाटेने गेली? हा हिशेब न देणाऱ्या शाळेवरचा आक्षेप मला खोडता येत नाही.

दुसरा आक्षेप स्वमग्न प्रौढांकडून येतो, आणि तो मला अधिक टोचतो. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना बजावले की आमच्याबद्दल शोक करू नका. आखीव शिकवण्याच्या नावाखाली हात हलवणे बंद पाडले गेले, डोळ्यांत बघायला भाग पाडले गेले, आणि चारचौघांसारखे दिसण्याच्या या सक्तीने माणसे आतून खचली. आरोप खरा आहे. मात्र परिस्थितीला शिस्त लावणे आणि मुलाला वाकवणे यांत फरक आहे. चित्रांचे वेळापत्रक खोलीला वाचनीय करते. हात धरून ठेवणे मुलाला मोडते. पहिले ठेवून दुसरे टाकता येते, आणि टाकलेच पाहिजे.

एल्गारबाईंची शाळा सुरू झाली तेव्हा इंग्लंडमध्ये काही मुलांना ‘शिक्षणास अयोग्य’ ठरवून शाळेबाहेर ठेवण्याची कायदेशीर सोय होती. १९७० च्या कायद्याने ती संपली. पण विद्यार्थी मोठे झाले आणि पालकांपुढे प्रश्न आला, आमच्यामागे याचे काय? त्यातून १९७४ मध्ये सॉमरसेट कोर्ट हे स्वमग्न प्रौढांचे निवासी केंद्र निघाले आणि एल्गारबाई स्वतः तिकडे गेल्या. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची व्यवस्था केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा, यांपैकी कुठेही मोफत शिकण्याचा हक्क दिला. मोफत शिक्षणाचा हा हक्क सहा ते अठरा वर्षांपुरता आहे. ज्या मुलाला बोलायलाच आठवे वर्ष उजाडले, त्याचे शिकणे अठराव्या वर्षी ऐन भरात असते. त्या वयाची अट त्याच्यासाठी शिथिल व्हायला हवी, आणि ही मागणी पालकांच्या बरोबरीने विशेष शिक्षकांनीही लावून धरायला हवी.