आसन आधी, मखर मागाहून

श्रावण सरत आला, की घरोघरी श्रींच्या आगमनाचे वेध लागतात. माळ्यावरचा चौरंग खाली येतो, समया घासल्या जातात आणि त्याबरोबरच गृहिणीच्या मनात खर्चाची जुळवाजुळव सुरू होते. बाजारातील झगमगती मखरे पाहिली, म्हणजे आपली आरास उणी तर पडणार नाही ना, ही शंका तिला छळू लागते. या शंकेपायी कित्येक घरांत उसनवारी होते आणि ती फेडता फेडता दिवाळी दारात येऊन ठेपते.

पूजाविधीकडे पाहिले, तर ही चिंता अनाठायी ठरते. षोडशोपचारांत आवाहनामागोमाग आसन येते. पुढे वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. मखर त्यांत कोठेच नाही. आलेल्या पाहुण्यास प्रथम बसावयास स्वच्छ जागा द्यावी, हाच त्यातील भाव होय.

हे आम्हांस पोथीने नव्हे, तर १९८२ सालाने शिकविले. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला आणि भाद्रपद उजाडला तरी तो मिटला नव्हता. लालबागच्या चाळीतील आमच्या खोलीत सात महिने पगार आला नव्हता. यंदा गणपती आणावा की नाही, येथपर्यंत बोलणे आले. एका परिचितांनी व्याजाने पैसे देऊ केले. वडिलांनी हात जोडून ते नाकारले.

आरास मात्र झाली. वडिलांनी चुनकळी आणून धुराने काळवंडलेल्या भिंती स्वतः सफेद केल्या. आईने आपला लग्नातील शालू चौरंगामागे लावला. आम्ही मूळचे कोकणातले. गावाहून परतलेल्या शेजाऱ्यांनी नारळ, सुपारीचे घड, कवंडळे आणि आंब्याचे टाळे आणले. तुळईला काठ्या बांधून त्यांची माटवी सजली. दीड दिवसांनी विसर्जन करून परतलो, तेव्हा रिकाम्या चौरंगाकडे पाहून मन नेहमीप्रमाणे उदास झाले. पण समईच्या उजेडात साऱ्या भिंती उजळल्या होत्या. आई म्हणाली, "देव गेला, पण घर नीटनेटके करून गेला."

तेव्हापासून आमच्या घरी एकच दंडक आहे : जे श्रींच्या पश्चात घरात उरेल, त्यावर आधी खर्च करावा. भिंती साध्या असतील, तर पंधरा दिवस आधी चुना काढावा. पावसाळी हवेत तो वाळण्यास वेळ लागतो. लोखंडी भांड्यातील पाण्यात कळी थोडी थोडी सोडावी. पाणी उकळू लागते, म्हणून मुलांना दूर ठेवावे. दुसऱ्या दिवशी चुना गाळून त्यात भिजवलेला डिंक व चिमूटभर नीळ मिसळावी आणि पातळ असे दोन हात द्यावेत. तैलरंगाच्या भिंतीवर चुना धरत नाही. ती साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरे. फुटकी फरशी सांधावी, दाराची कुरकुरणारी बिजागरी दुरुस्त करावी.

पाठीमागे जरीची जुनी साडी चुण्या घालून लावावी. समई मात्र तिच्यापासून दूर असावी. थर्माकोलच्या आराशीला महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, हे एका परीने बरेच झाले. माटवीचे नारळ नंतर स्वयंपाकात येतात, टाळे मातीत मिसळतात आणि शालू पुन्हा ट्रंकेत जातो.

शेजारच्या घरी रोषणाई अधिक असेल, असू द्यावी. आपल्या श्रींसमोर बसताना देणेकऱ्याची आठवण येऊ नये, एवढे सांभाळले तरी मन आरतीत रमते. गणपती बाप्पा मोरया!