मुंगीचे अम्ल

रायपूरहून धमतरी, कांकेर आणि कोंडागाव ओलांडून दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटर गेले म्हणजे बस्तरातील जगदलपूर लागते. तेथील आठवडी बाजारांत पानांच्या द्रोणांमध्ये तांबड्या मुंग्या विकावयास ठेवलेल्या दिसतात. झाडाची पाने रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांस जोडून घरटी बांधणाऱ्या या मुंग्या अंड्यांसह मीठमिरची घालून वाटतात. या चटणीस ‘चापडा’ म्हणतात. तिचा आंबटपणा मुंगीच्या अंगातील फॉर्मिक अम्लाचा होय.

लॅटिन भाषेत मुंगीस ‘फॉर्मिका’ म्हणतात. त्यावरूनच अम्लास हे नाव मिळाले. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून ते वेगळे केले. १८५५ मध्ये बर्तलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइडापासून ते बनविले. आज कारखान्यांत मुख्यतः मिथेनॉल व कार्बन मोनॉक्साइड यांपासूनच ते तयार होते. त्यासाठी मुंगी लागत नाही.

कार्बनी अम्लांत याची घडण सर्वांत साधी आहे. याच्या रेणूत कार्बनाचा १, हायड्रोजनाचे २ आणि ऑक्सिजनाचे २ अणू असतात. हा वर्णहीन, उग्र वासाचा द्रव पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो व सुमारे १०१° सेल्सिअस तपमानास उकळतो. शिरक्यातील ॲसिटिक अम्लापेक्षा हे अम्ल अधिक तीव्र आहे.

याचे उपयोग अनेक आहेत. केरळात व सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात रबराच्या झाडाचा चीक गोठविण्यासाठी याचा पातळ विद्राव वापरतात. कातडी कमावणे, कापड रंगविणे आणि जनावरांचा ओला चारा टिकविणे ही कामेही त्याने होतात.

परंतु मुंगी जे अम्ल सोडते त्याची मात्रा अतिसूक्ष्म असते. बाजारात मिळणारे अम्ल बहुधा ८५ टक्के संहत असते. ते त्वचेस खोल भाजते, डोळ्यांस कायमची इजा करते व त्याची वाफ फुप्फुसांस बाधते. विषारी दारूतील मिथेनॉलाने माणसे आंधळी होतात, तीही याच अम्लामुळे. शरीरात मिथेनॉलाचे फॉर्मिक अम्ल बनते व ते दृष्टिमज्जातंतूस इजा करते.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. अम्ल हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा. ते पातळ करताना अम्ल पाण्यात थोडेथोडे ओतावे. अम्लावर पाणी कधीही ओतू नये. साठविलेल्या संहत अम्लाचे सावकाश विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यामुळे भांडे थंड, हवेशीर जागी आणि वायू बाहेर पडू देणाऱ्या झाकणाचे असावे. अम्ल अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे काढून तो भाग निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. पोटात गेल्यास ओकारी करवू नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातच असतो. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले अम्ल पाण्यासारखेच दिसते. त्याच्या बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवावी. चटणीस चव आणणारा पदार्थ आणि जीव घेणारा पदार्थ एकच आहे. भेद आहे तो केवळ मात्रेचा व संहतीचा.