मुरुमांवर कडुनिंब : बशीतली परीक्षा आणि चेहऱ्यावरची

इंदोरा असो की रामबाग, पोरापोरींच्या चेहऱ्यावर मुरूम आले की आजी कडुनिंबाचा पाला वाटायला घेते. कडुनिंबाने मुरमांचे जंतू मरतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले, असेही आपण ऐकतो. सिद्ध झाले म्हणजे नेमके काय केले, ते पाहू.

या जंतूचे नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. मुरूम नसलेल्यांच्याही कातडीवर तो राहतो. केसाच्या मुळाशी, तेलात, जिथे हवा कमी तिथे तो वाढतो. म्हणून प्रयोगशाळेत त्याला ऑक्सिजन काढलेल्या डब्यात, ३७ अंश तापमानात दोन-तीन दिवस ठेवावे लागते. बशीत जेलीसारखे अगार ओततात, त्यावर जंतू पसरवतात, लहान खड्डे पाडतात आणि एका खड्ड्यात पाल्याचा अर्क घालतात. जंतूंची वाढ अडली तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

खरी मेख पुढे आहे. अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढतात, आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारते! म्हणून दुसऱ्या खड्ड्यात नुसते अल्कोहोल आणि तिसऱ्यात क्लिंडामायसिनसारखे माहितीचे औषध घालावेच लागते. ही तुलना नसेल तर गोल कितीही मोठा असो, तो पाल्याचा की अल्कोहोलचा, हे कळत नाही.

बशीत जंतू उघडा असतो, चेहऱ्यावर तो बुजलेल्या छिद्रात तेलाखाली असतो. शिवाय वयात येताना वाढणारे तेल आणि आतली सूज ही कारणे वेगळीच. म्हणून शेवटी माणसांवर तपासावे लागते. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाच्या (आपल्या चहाचा याच्याशी संबंध नाही) तेलाची अशी चाचणी झाली. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. १२४ रुग्णांपैकी काहींना ५ टक्के तेल, काहींना ५ टक्के बेंझॉईल पेरॉक्साईड दिले. मुरूम दोन्हींनी कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला.

वाटलेल्या पाल्यात औषध किती, हे मोजलेले नसते. लावायचाच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. आग झाली, पुरळ उठले तर चेहऱ्याला लावू नका. मात्र पाल्यापेक्षा जास्त भीती दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, गोरे करणाऱ्या स्टेरॉईडच्या मलमाची. त्याने आधी चेहरा उजळ वाटतो, मग कातडी पातळ होते आणि मुरूम वाढतात. असे मलम महिनोन्‌महिने लावले असेल तर ट्यूब सोबत घेऊन मेडिकल किंवा मेयोच्या त्वचारोग विभागात दाखवा.