12,34,56,78,98,76,54,321: डोंबिवलीची कमाल संख्या!

गणितवेड्या दोस्तांनो, ही 17 अंकी संख्या नीट बघा. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच!

ती येते कुठून? नऊ वेळा 1 लिहा आणि वर्ग करा: 111111111 × 111111111. उभा गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात नऊ एकक जमतात, हातचा कुठेच येत नाही. दहा एकक घेतले की मात्र हातचा येतो आणि नक्षी मोडते: 1234567900987654321.

अंकांची बेरीज 81, आणि संख्येला 81 ने निःशेष भाग जातो! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905–1986) यांनी. 6174 हा ‘कापरेकर स्थिरांक’ शोधणारे तेच! एककांच्या या वर्गांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं, कारण कल्पना सुचली ती तेव्हाच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर.

आपल्या 17 अंकी संख्येचे मूळ अवयव: 3⁴ × 37² × 333667². म्हणजे एकूण विभाजक 45.

आता तुमची पाळी. 11² = 121, बेरीज 4, भाग जात नाही. 111² = 12321, बेरीज 9, भाग जातो. चार ते आठ एककांच्या वर्गांत एक तरी हर्षद सापडते का? कारणासकट कमेंटमध्ये लिहा!

#कापरेकर #गणित